स्टिअरिंगचा प्ले आणि नचिकेताचा प्रश्न



आजचं वाचन : कठोपनिषद, अध्याय पहिला, वल्ली पहिली आणि तिसरी.

शनिवार-रविवारचं चिंतन राहिलं. मी चौलला मामाकडे होतो आणि दोन्ही दिवस एका गॅरेजमध्ये गेले. मामाच्या जुन्या पिकअपचा स्टिअरिंग कॉलम बदलायचा होता. आज त्याबद्दलच लिहितो. चिंतनाच्या पानावर गाडीचं काय काम, असं वाटेल. पण आपण सध्या कठोपनिषद वाचतोय, आणि त्यातला रथ मला गाडीखाली वाकून बघताना जितका कळला, तितका आजवर पुस्तक वाचून कळला नव्हता.

शिवाय एक कबुली द्यायची आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून टाळता येणार नाही. या गाडीचं स्टिअरिंग बिघडलंय, हे मला गणपतीपासून ठाऊक होतं.

काय झालं

मामाचा पिकअप सतरा वर्षांचा आहे. नांदगाव-मुरूडकडून नारळ आणि सुपारी, हंगामात अलिबागचा पांढरा कांदा, कधी रेवदंड्याच्या बंदरावरून मासळीच्या पेट्या, असा त्याचा धंदा. घर त्याच गाडीवर चालतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पावसात बाकीची भाडीही कमी, त्यामुळे गणपतीपर्यंत मामाचा हात आखडलेलाच असतो.

यंदा गणपतीला मी ठाण्याहून निघून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरलो. मामा न्यायला आला होता. म्हटलं, मामा, आज मी चालवतो. अलिबाग सोडून नागावच्या वाटेला लागलो आणि पहिल्याच वळणावर पोटात धस्स झालं. मी चक्र फिरवलं, पण चाकं लगेच वळेनात. चार बोटं चक्र नुसतंच रिकामं फिरलं, मग कुठे गाडीला कळलं. गाडीवाले याला ‘प्ले’ म्हणतात. जुन्या गाडीत बोटभर प्ले असतोच. चार बोटं म्हणजे धोका.

मी म्हटलं, "मामा, स्टिअरिंग लूज वाटतंय."

मामा हसला. "मला काय वाटत नाय. हाताला सवय झाली रे. आधीच थोडं फिरवून ठेवायचं."

आणि मग म्हणाला, दोनदा अलायमेंट केलं, पुढचे टायर बदलले, टायरॉडचे एंड पण नवे टाकले, तरी तसंच आहे. आता यापुढे खर्च जमत नाय.

त्या रात्री आरती झाल्यावर मी मनाशी ठरवलं, याचे पैसे मी द्यायचे. फोनमध्ये लिहून ठेवलं : ‘मामा – स्टिअरिंग’. दसऱ्याला फोनने आठवण करून दिली. मी ‘उद्या’ दाबलं. दिवाळीला पुन्हा आठवण आली. पुन्हा ‘उद्या’. पैसे नव्हते असं नाही हो. दिवाळीत मी चांगला चालू असलेला फोन बदलला. आणि सांगायला लाज वाटते, पण याच तीन महिन्यांत मी इथे दानावर दोन चिंतनं लिहिली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती पुढे पाठवली.

मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, मामा आणि मामी नांदगावहून नारळ भरून चौलला येत होते. चौलच्या दत्ताच्या डोंगराची यात्रा असते, नारळाला मागणी असते. काशीद मागे टाकल्यावर समुद्र डाव्या हाताला ठेवून रस्ता वळतो. सुट्टीचा दिवस, पर्यटकांच्या गाड्यांची रीघ. एका डाव्या वळणावर समोरून मोटारसायकल आली, तिच्यावर दोन पोरं. मामाने नेहमीसारखं आधीच फिरवून ठेवलं होतं, पण मोटारसायकल बघून अजून वळवायला गेला आणि तेवढ्या वेळात गाडी दुसऱ्या अंगाला गेली. पोरांनी मोटारसायकल मातीत उतरवली. मामाने चक्र जोरात ओढलं, तर आता गाडी गरजेपेक्षा जास्त आली आणि समुद्राकडच्या कडेच्या दगडांना घासून थांबली. नारळ रस्ताभर झाले. पोरं उठली, कपडे झटकले. कुणाला खरचटलंही नाही. दत्तगुरूंची कृपा, दुसरं काय!

त्या दिवसानंतर मामी गाडीच्या पुढच्या सीटवर बसली नाही. काही बोलली नाही, भांडली नाही. बाजारालाही चालत जायची. हे मला मावशीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. तिथेच बसलो.

बिघाड सापडला कुठे

मेस्त्रींनी आधी काहीच उघडलं नाही. मला चालकाच्या जागी बसवलं. इंजिन बंद, चाकं सरळ. म्हणाले, चक्र हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवत राहा, थांबू नको. स्वतः खाली गेले आणि चाकापासून वर एकेक सांधा हाताने चाचपत आले. टायरॉड चांगले. स्टिअरिंग बॉक्सही बरा. मग बॉक्सच्या वर जिथे कॉलमचा दांडा येऊन जोडतो, त्या क्रॉसवर हात ठेवून म्हणाले, "हे बघ. वरचं हलतंय, खालचं हलत नाय."

मी उतरून वाकलो. मामा चक्र हलवत होता. दांडा फिरत होता, पण क्रॉसच्या पलीकडचा तुकडा मेल्यासारखा स्थिर. मग खट्ट आवाज व्हायचा आणि तोही हलायचा. क्रॉसच्या आतल्या बारीक सुयांसारख्या बेअरिंग गंजून त्यांचा भुगा झाला होता. दांड्याच्या टोकाचे दाते झिजले होते. वर चक्राखालचा बुशही गेलेला.

कारणही तिथेच दिसलं. कॅबिनच्या तळातून दांडा जिथे खाली उतरतो, तिथे रबरी टोपी असते. ती कधीतरी फाटली होती. बंदरावर भरतीचं पाणी चढतं त्या जागेपर्यंत गाडी नेऊन मासळी भरायची, वर बारमाही खारी हवा. फाटलेल्या टोपीतून ते खारं पाणी वर्षानुवर्षं सांध्यात जात राहिलं. ग्रीस धुऊन गेलं. मग गंज आपला, सावकाश, रोज थोडाथोडा.

मंडळी, इथे मी अडकलो. मामाने पैसे कशावर खर्च केले होते? टायरवर, अलायमेंटवर, टायरॉडवर. म्हणजे सगळं चाकांपाशी. गाडी नीट वळत नाही म्हटल्यावर चूक चाकांची, असंच आपल्याला वाटतं. चाकं दिसतात ना! कॉलम दिसत नाही.

उपनिषदातला रथ

आता कठोपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीकडे या. यमराज नचिकेताला समजावतात की हे शरीर म्हणजे रथ. आत्मा त्यात बसलेला मालक. बुद्धी सारथी. मन म्हणजे लगाम. इंद्रियं हे घोडे आणि जगातले विषय म्हणजे ते घोडे ज्यावरून धावतात ते रस्ते. ज्याचा सारथी जागा आहे आणि लगाम हातात आहे, तो प्रवासाच्या शेवटी विष्णूच्या परमपदाला पोचतो. बाकीचे रस्त्यातच फिरत राहतात.

हे रूपक आपण लहानपणापासून ऐकतो आणि ऐकून एकच अर्थ काढतो : घोडे वाईट, घोड्यांना आवरा. म्हणून आपले सगळे उपाय घोड्यांवर. फोन जास्त बघितला जातो, मग ॲप काढून टाका. जीभ ऐकत नाही, मग महिनाभर गोड बंद. राग येतो, मग बोलणंच बंद. हे म्हणजे टायर बदलणं झालं. महिना जातो आणि गाडी पुन्हा तशीच ओढते.

दुसरा उपाय सारथ्यावर. अजून एक पुस्तक वाचू, अजून एक प्रवचन ऐकू. म्हणजे बुद्धीला अजून शिकवायचं. पण माझ्या बुद्धीला काय कमी ठाऊक होतं? स्टिअरिंग बिघडलंय हे ठाऊक होतं. पैसे द्यायला हवेत हे ठाऊक होतं. दानाचं महत्त्व तर एवढं ठाऊक होतं की दोन लेख झाले. चालक जागा होता. चाकंही चांगली होती, पैसे पाठवायला अंगठा हलवायचा फक्त. बिघाड मधे होता.

यमराजांनी मनाला सारथी म्हटलं नाही आणि घोडाही म्हटलं नाही. लगाम म्हटलं. लगामाला स्वतःची ताकद नसते. तो रथ ओढत नाही, दिशाही ठरवत नाही. सारथ्याच्या हातात जे आलं ते घोड्याच्या तोंडापर्यंत जसंच्या तसं पोचवायचं, एवढंच त्याचं काम. स्टिअरिंग कॉलमचंही हेच. इंजिनाची शक्ती त्यातून जात नाही. माणसाच्या हाताचा निरोप तेवढा खाली जातो. निरोप पूर्ण गेला तर लाखभराचा माल सुखरूप घरी. निरोपातली चार बोटं वाटेत सांडली तर त्याच हातांनी, त्याच चाकांनी, त्याच रस्त्यावर अपघात.

आपलं मन किती निरोप सांडतं, याचा हिशेब कधी केलाय? बुद्धी म्हणते, आईला फोन कर. मन म्हणतं, जेवण झाल्यावर. बुद्धी म्हणते, चूक झाली, माफी माग. मन म्हणतं, त्याचीही चूक होतीच. मन ‘नाही’ कधीच म्हणत नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर बरं, निदान कळलं तरी असतं. ते ‘हो’ म्हणतं आणि रिकामं फिरतं.

गीतेत भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात याला होडीची उपमा दिली आहे. इंद्रियांमागे वाहवलेलं मन बुद्धीला पळवून नेतं, वारा होडीला नेतो तसं. आमच्या रेवदंड्याच्या खाडीवर कुठल्याही तांडेलाला हे विचारा. सुकाणूच्या सांध्यात ढिलाई असेल, तर शांत पाण्यात पत्ताही लागत नाही. वारा सुटला की कळतं.

नचिकेताला प्ले जाणवला होता

गॅरेजमधल्या बाकावर चहा पिताना मला या उपनिषदाची सुरुवात आठवली आणि चहा घशाखाली उतरेना.

कथा तुम्हाला माहीत आहे. नचिकेताचे वडील वाजश्रवस यज्ञ करतात. संकल्प असतो सर्वस्व देण्याचा. आणि दानात देतात काय, तर म्हाताऱ्या गाई. दूध आटलेल्या, पुन्हा वासरू न देणाऱ्या. संकल्प मोठा आणि हातून होतंय ते भलतंच. हा प्लेच नाही का? वर चक्र पूर्ण फिरलंय आणि खाली चाक जागचं हललेलं नाही. या उपनिषदाची सुरुवातच अशा झिजलेल्या सांध्यापासून होते.

वडिलांना ते कळत नाही. त्यांना सवय झाली असावी, मामासारखी. लक्षात येतं ते पोराच्या. का? कारण पोर नवं आहे. रोज गाडी चालवणाऱ्याचे हात बिघाडाशी जुळवून घेतात. बिघाड जेवढा वाढतो, तेवढी सवयही वाढते. पहिल्यांदा चक्र हातात घेणाऱ्याला मात्र पहिल्याच वळणावर कळतं.

आणि मग नचिकेताने काय केलं? तो बोलला. आडून बोलला, वडिलांचा मान राखून बोलला, पण बोलला. तुम्ही सगळं देताय तर मला कुणाला देणार, असं त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. वडील चिडले आणि म्हणाले, तुला मृत्यूला दिलं. पोर उठलं आणि निघालं. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसून राहिलं. वडील रागाच्या भरात बोलून गेले खरे, पण शब्द दिला तो दिला. ऐकणं आणि उठणं यात नचिकेताच्या बाबतीत बोटभरही अंतर नाही. यमराज ज्याला रथाची विद्या सांगतात, तो मुलगा असा आहे.

मलाही प्ले जाणवला होता. मीही त्या गाडीत नवा होतो. मी एकदा बोललो, मामा हसला आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला मी मोठ्यांचा मान असं नाव दिलं. नचिकेताने तीनदा विचारलं. मी तीनदा ‘उद्या’ दाबलं, तिसऱ्यांदा तर दत्तजयंतीच्या आठवड्यात.

हे मी मामाला तिथेच सांगितलं. मामा गाडीकडे बघत होता. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू पैसे देतो म्हणाला असतास तर मी नाय म्हटलं असतं. पण तू म्हणायला पायजे होतंस."

मंडळी, एवढंच. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊदे रे. तो तसं म्हणाला नाही, हे त्याचे उपकार.

कॉलम बदलला तो असा

पार्ट पनवेलहून मागवला, एसटीच्या पार्सलने आला. त्याआधी मीच म्हटलं होतं, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळेल. मेस्त्री म्हणाले, "आरसा आण, दरवाजा आण. ब्रेक आणि स्टिअरिंग मी जुन्यातलं बसवत नाय. वेल्डिंगपण करणार नाय." मनात नोंद केली. काही जागा जुगाडाच्या नसतात.

मग एकेक पायरी. बॅटरीची तार काढली. चाकं सरळ ठेवून चक्रावर आणि दांड्यावर छिन्नीने समोरासमोर खूण केली. चक्राचा मोठा नट ढिला केला, पण पूर्ण काढला नाही, दोन आटे ठेवले. का, तर पुलर लावल्यावर चक्र एकदम सुटतं आणि तोंडावर बसतं. त्या दोन आट्यांनी दात वाचतात. मग हॉर्नची आणि इंडिकेटरची जोडणी काढली, कुलूप सोडवलं, डॅशबोर्डखालचे बोल्ट काढले.

क्रॉसचा बोल्ट मात्र हलेना. गंजाने धरून ठेवलेला. मला वाटलं, हातोडा मारतील. मेस्त्रींनी त्याच्यावर तेल सोडलं आणि म्हणाले, आता उद्या. मी मनात हसलो, माझाच शब्द! पण त्यांच्या ‘उद्या’त आणि माझ्या ‘उद्या’त फरक होता. त्यांनी आजचं काम करून उद्या म्हटलं होतं. रात्रभर तेल मुरलं आणि रविवारी सकाळी पान्याच्या दुसऱ्या झटक्याला बोल्ट सुटला. जुन्या सवयींवर हातोडा मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रोज थोडं नाम सोडत राहायचं. मुरायला वेळ लागतो.

नवा कॉलम बसवताना दाते खुणेला खूण लावून बसवले. एक दाता चुकला तरी गाडी सरळ जाताना चक्र वाकडं राहतं. लॉकचे नट नवे घातले, जुने पुन्हा वापरत नाहीत. घट्ट करताना टॉर्क पाना वापरला, अंदाजाने आवळलं नाही. मी विचारलं, अजून आवळून प्ले शून्य नाही का करता येणार? म्हणाले, बॉक्स फार आवळला तर स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाय. थोडं हवंच.

नव्या दांड्याबद्दल त्यांनी अजून एक सांगितलं. आता मिळणारे बरेच कॉलम वळवताना घट्ट असतात, पण समोरून जोराची धडक बसली तर स्वतःच आत दबतात. पूर्वी दांडा अखंड असायचा आणि अपघातात भाल्यासारखा चालकाच्या छातीत घुसायचा. घरी येऊन मी वाचलं, तर अमेरिकेत १९६७ च्या सुमारास गाड्यांत असे दबणारे कॉलम आले आणि पुढे तिथे तो नियमच झाला. म्हणून या दांड्यावर हातोडा मारायचा नसतो, आतली रचना बिघडते.

मनही असंच हवं ना? बुद्धीचा निरोप पोचवताना घट्ट. पण आयुष्यात धडक बसेल तेव्हा आत दबणारं, आपल्याच माणसाच्या छातीत न घुसणारं. नियम पाळणारी काही माणसं इतकी ताठ होतात की त्यांच्या एकादशीची घरच्यांना भीती वाटते. तो घट्टपणा भक्तीचा नव्हे.

सगळ्यात शेवटी मेस्त्रींनी सांध्यात ग्रीस भरलं आणि नवी रबरी टोपी बसवली. सगळ्या कामातली ती सगळ्यात स्वस्त वस्तू. मामाला म्हणाले, "ही फाटली तर लगेच ये. नायतर हा कॉलमपण तसाच जाईल." मासळीच्या पेट्यांखाली आता पत्र्याचा ट्रे टाकून पाणी नळीने मागे बाहेर काढलंय. आणि भरतीच्या जागी गाडी न्यायची नाही.

आपला नित्यनेम म्हणजे ही टोपी. सकाळची दहा मिनिटं, एक माळ, चार ओव्या. त्याने काय मोठं होतं, असं आपण म्हणतो. त्याने काही होत नाही हे खरं, पण त्याच्यामुळे बरंच काही व्हायचं टळतं. ती फाटली की पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. खारं पाणी आत जायला लागतं, एवढंच.

जुने हात

रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन मामा आणि मी साळावच्या पुलापर्यंत निघालो. मला वाटलं, आता मामा खूश होईल. पण पहिल्याच वळणावर गाडी एकदम कडेला गेली! मी दरवाजा घट्ट धरला. मामाने सवयीने आधीच चार बोटं फिरवून ठेवलं होतं. कॉलम नवा, तो लगेच वळला. हात जुने.

मेस्त्रींनी बजावलं होतं खरं की आठवडाभर सावकाश चालवा. तेव्हा कळलं नव्हतं का ते.

सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरायचं कसं? भगवंत ती तक्रार खोटी म्हणत नाहीत. कठीण आहे हे मान्य करतात आणि दोनच उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. एखाद्या क्षणी आतून काहीतरी सुधारतं. सप्ताहात, वारीत, कुणाच्या शब्दाने. पण हात अजून जुन्या ढिलाईला सरावलेले असतात. म्हणून सुधारलेला माणूस सुरुवातीला जरा वेडावाकडा चालतो. जास्तच कडक होतो, जास्तच बोलतो. त्याला हसू नये. त्यानेही घाबरू नये. अभ्यास म्हणजे जुन्या हातांना नव्या लगामाची ओळख होईपर्यंत, सावकाश, रोज चालवणं.

पुलावरून परत फिरलो तोवर मामाला अंदाज आला होता. घरी पोचलो तर मामी ओट्यावर उभी होती, हातात पिशवी. म्हणाली, दत्ताला नारळ वाढवायचा राहिलाय त्या दिवसापासून. आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी मागे हौद्यात चढलो. रिकामा हौदा, वर मार्गशीर्षातलं आभाळ. पुढे ते दोघं काय बोलत होते ते ऐकू आलं नाही.

आजचा संकल्प

आज एकच करा. तुमच्या फोनमधली किंवा मनातली ती एक नोंद काढा, जी तुम्ही तीनदा तरी पुढे ढकलली आहे. मोठी नको, एकच. आणि ती आज करा. हे वाचून झाल्यावर, दुसरं काही उघडायच्या आधी.

दुसरं, कुणाच्या गाडीचा प्ले तुम्हाला जाणवला असेल, मित्राचं पिणं, भावाचं कर्ज, आईचं न सांगितलेलं दुखणं, तर नचिकेतासारखं विचारा. मान राखून. पहिल्यांदा हसण्यावारी नेलं तर दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

आणि तुमचा स्वतःचा प्ले तुम्हाला कळत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. तो ज्याचा त्याला कळत नाही. म्हणूनच सत्संग असतो. अधूनमधून आपलं चक्र दुसऱ्याच्या हातात द्यावं आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्यावं.

दत्तगुरो, बुद्धी तू दिलीसच. ती सांगते ते हातापर्यंत पोचू दे. वाटेत सांडू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी. उद्या भेटूच, आणि हा ‘उद्या’ मेस्त्रींचा!